घटक ४ : डॉ. ह. धी. सांकलिया – दगडी हत्यारांचा उपयोग शोधणारा संशोधक

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देता येईल.
• प्रागैतिहासिक दगडी हत्यारे कशासाठी वापरली जात, हे पुरातत्त्वज्ञ कसे ठरवतात, ते सांगता येईल.
• एखाद्या वस्तूचे नाव आणि तिचा उपयोग यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संशोधकाच्या चरित्रात त्याच्या विचारपद्धतीला कोणते स्थान असते, हे लक्षात घेता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राजा, सेनानी किंवा समाजसुधारक यांच्या चरित्रात घटनांची वाण नसते. संशोधकाच्या चरित्रात मात्र बाह्य घटना थोड्या असतात. तो शिकतो, शिकवतो, हिंडतो, लिहितो आणि निवृत्त होतो. त्याच्या आयुष्यातील खरा संघर्ष त्याला पडलेल्या प्रश्नाशी चाललेला असतो. म्हणून अशा व्यक्तीचे चरित्र वाचताना तिला पडलेला प्रश्न आधी समजून घ्यावा लागतो.

सांकलियांपुढील अनेक प्रश्नांपैकी एक असा होता. लाखो वर्षांपूर्वी माणसाने घडवलेला एखादा दगड आपल्या हाती येतो. घडवणारा नाही, त्याची भाषा नाही, त्याने काही लिहून ठेवलेले नाही. मग या दगडाने त्याने काय केले, हे आपण कशाच्या आधारावर सांगायचे?

हा प्रश्न दूरचा वाटत असेल तर जवळचे उदाहरण घेऊ. कामोठे येथील संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, की आपल्या घरी पाटा-वरवंटा आहे का. सिडकोच्या वसाहतीतील सदनिकांत राहणारे बहुतेक जण नाही म्हणतात. काहींच्या गावच्या घरी तो परसात पडलेला असतो. मूळ कामोठे गावातील किंवा पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थिनींना मात्र तो चांगला ठाऊक असतो. मग मी पुढचा प्रश्न विचारतो : हजार वर्षांनी हा पाटा जमिनीतून निघाला आणि त्या वेळी मराठी जाणणारे कोणी नसले, तर त्यावर मसाला वाटत होते हे कसे कळेल? उत्तरे हळूहळू येऊ लागतात. पाट्याचा मधला भाग झिजून खोलगट झालेला असेल. वरवंटा एका बाजूने गुळगुळीत असेल. पाट्याला टाकी लावल्याच्या खुणा असतील. छिद्रांत हळदीचे किंवा मिरचीचे कण अडकलेले असतील. तो चुलीच्या जवळ सापडेल. ही उत्तरे देताना आपण पुरातत्त्वज्ञाच्याच पद्धतीने विचार करीत असतो.

४.३ जडणघडण

हसमुख सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. घराण्यात वकिलीची परंपरा होती. जन्मापासून त्यांची प्रकृती नाजूक होती. पुढे ज्या माणसाने नदीकाठचे कडे आणि पांढरीच्या टेकाडांवरची उत्खनने यांत आयुष्य काढले, त्याची शरीरयष्टी अखेरपर्यंत किरकोळच राहिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. त्या वयात ग्रंथ फारसा उमगला नाही. परंतु आर्यांचा आणि भारताच्या प्राचीनतेचा शोध आपण घ्यावा, असे त्यांनी मनाशी ठरवले. त्यासाठी संस्कृत शिकणे क्रमप्राप्त होते. पदवीला त्यांनी संस्कृत घेतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर एम.ए.चा प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्यानंतर ते लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावरील प्रबंधासाठी त्यांना १९३६ मध्ये लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. या वास्तव्यात इंग्लंडमधील मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात त्यांना प्रत्यक्ष काम करता आले. जमिनीचे थर वेगवेगळे ओळखणे आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात मिळाली याची काटेकोर नोंद ठेवणे, हा व्हीलर यांच्या पद्धतीचा गाभा होता. तोवर ग्रंथ, मूर्ती आणि मंदिरे यांत रमलेल्या तरुणाला मातीही वाचता येते, हा धडा येथे मिळाला.

४.४ डेक्कन कॉलेज आणि क्षेत्रकार्य

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. ज्या टिळकांच्या ग्रंथाने सांकलियांना या वाटेवर आणले, ते टिळक याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. भाषाविज्ञानासाठी सुमित्र मंगेश कत्रे, समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे आणि प्राचीन इतिहासासाठी सांकलिया, अशी मंडळी तेथे एकत्र आली. सांकलिया निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, या संस्थेत राहिले.

१९४१ पासून त्यांनी गुजरातमध्ये प्रागैतिहासिक अवशेषांचा शोध सुरू केला. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिली हातकुऱ्हाड मिळाली होती आणि पुढे त्यांनी गुजरातमध्येही दगडी हत्यारे नोंदवली होती. त्या नोंदी तपासत सांकलिया साबरमतीच्या खोऱ्यात पोहोचले. मेहसाणा भागातील लांघणज येथे त्यांनी व इरावती कर्वे यांनी केलेल्या उत्खननात बोटाच्या पेराएवढी लहान दगडी हत्यारे, म्हणजे सूक्ष्मास्त्रे, आणि त्यांच्याबरोबर माणसांचे सांगाडे व प्राण्यांची हाडे मिळाली. नदीच्या वाळूत सुटा मिळालेला दगड आणि हाडांच्या सोबत मिळालेला दगड यांत मोठा फरक असतो. पहिला एकटा असतो. दुसऱ्याला संदर्भ असतो. लांघणजला गेंड्याचे एक खांद्याचे हाड मिळाले, त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान खळगे पडलेले होते. सूक्ष्मास्त्रे घडवताना ऐरणीसारखा त्याचा उपयोग केला असावा, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले. अवजाराचा उपयोग त्यावरील घावांवरून ओळखण्याचा हा लक्षात राहील असा नमुना आहे.

पुढील दोन दशकांत सांकलिया आणि त्यांचे सहकारी-विद्यार्थी यांनी महाराष्ट्राच्या प्राचीनतेचा नकाशा पालटून टाकला. कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक, प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि नर्मदेकाठचे नावडातोली ही उत्खनने या काळातील. नाशिकजवळ गोदावरीकाठी गंगापूर येथे हातकुऱ्हाडी आणि पसरट धारेच्या फरश्या मिळाल्या. नेवाशाला प्रवरेच्या जाड्याभरड्या वाळूच्या थरांत छिलक्यांपासून केलेल्या तासण्या व टोकदार हत्यारे मिळाली आणि प्राण्यांचे जीवाश्मही सापडले. त्याच गावाच्या पांढरीत ताम्रपाषाणयुगीन घरे, दफने आणि गारेच्या दगडाच्या धारदार पाती निघाल्या. एकाच गावी पुराश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतची साखळी हाती आल्याने नेवासे हे नाव भारतीय पुरातत्त्वात ठळक झाले.

४.५ नाव आणि उपयोग

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे थांबून भाषेचा विचार करू. हातकुऱ्हाड, फरशी, तासणी, टोचणी, सुरी – ही सारी नावे आपण वर सहज वापरली. ही नावे त्या माणसांनी दिलेली नाहीत. फ्रेंच व इंग्रज अभ्यासकांनी ती आपल्या घरातील आणि सुतारशाळेतील अवजारांवरून बेतली, आणि आपण त्यांचे मराठीकरण केले. कुऱ्हाड म्हटले की डोळ्यांसमोर दांडा आणि झाड येते. परंतु पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडीला दांडा होता असे दिसत नाही. ती मुठीत धरली जाई. शिकार सोलणे, मांस कापणे, लाकूड तासणे, कंदमुळे उकरणे अशी अनेक कामे तिने होऊ शकतात. नाव एक काम सांगते. वस्तू अनेक कामे करते.

आपल्या भाषेतही हे घडते. शाई मुळात काळी असे, म्हणून तिला शाई म्हणत. आज आपण लाल शाई म्हणतो आणि त्यात विसंगती जाणवत नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, तो वापरावरून ठरतो. दगडी हत्यारांच्या बाबतीतही आकारावरून दिलेल्या नावातून उपयोग सिद्ध होत नाही.

सांकलियांना या धोक्याची जाणीव होती. १९६४ मध्ये त्यांनी इंग्रजीत एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले : ‘स्टोन एज टूल्स : देअर टेक्निक्स, नेम्स अँड प्रॉबेबल फंक्शन्स’. शीर्षकात तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत – घडवण्याचे तंत्र, नाव आणि संभाव्य उपयोग. पहिल्या दोहोंना विशेषण नाही, तिसऱ्याला आहे. दगड कसा घडवला हे दगडावरील आघातांच्या खुणांवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते. नाव हा अभ्यासकांमधील संकेत असतो. उपयोग मात्र संभाव्यच म्हणावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आपल्या ज्ञानाची मर्यादा नोंदवणे, ही त्यांच्या संशोधकवृत्तीची खूण आहे.

४.६ उपयोग कसा ठरवतात?

उपयोग ठरवण्याचे मार्ग कोणते आणि प्रत्येक मार्ग कोठपर्यंत नेतो, ते क्रमाने पाहू.

(अ) आकार, धार आणि पकड : हत्यार हातात कसे बसते, धार सरळ आहे की वक्र, तिचा कोन तीव्र आहे की बोथट, हे प्रथम पाहिले जाते. तीव्र कोनाची धार कापण्यास सोयीची, जाड धार तासण्यास टिकाऊ. यातून काय शक्य आहे हे कळते. प्रत्यक्षात काय घडले हे कळत नाही.

(आ) संदर्भ : हत्यार कशासोबत मिळाले? इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी प्राण्यांच्या हाडांसोबत मिळाल्या, आणि हाडांवर दगडी धारेने कापल्याचे ओरखडे होते. तेथे हातकुऱ्हाडींचा संबंध मांस काढण्याशी जोडणे रास्त ठरते. नावडातोलीला जळून कोळसा झालेले धान्य मिळाले आणि त्याच वस्तीत गारेची असंख्य पाती मिळाली. ही पाती लाकडी किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून विळ्यासारखी वापरली असावीत, या अनुमानाला धान्यामुळे बळ मिळते. कार्मेल पर्वतावरील गुहांत हाडाच्या अशा मुठी मिळाल्या आहेत.

(इ) जिवंत परंपरांशी तुलना : आज दगड घडवणारे किंवा दगडी साधने वापरणारे लोक काय करतात, हे पाहून तुलना करता येते. खंभातचे अकीकाचे मणी घडवणारे कारागीर दगड लोखंडी टोकाला टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे काढतात. दगड फुटण्याची रीत समजण्यास हे निरीक्षण उपयोगी पडते. घरगुती साधनांचा इतिहास सांकलियांना महत्त्वाचा वाटे. भारतातील फिरत्या जात्यावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला होता. नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत सपाट पाट्यासारखे दगड आहेत. फिरते जाते सातवाहनकाळात दिसते. तुलनेचा मार्ग मात्र जपून वापरावा लागतो, कारण आजचा माणूस हा कालच्या माणसाची प्रतिकृती नव्हे.

(ई) वापराच्या खुणा : हा सर्वांत निर्णायक मार्ग. रशियन संशोधक सर्गेई सेमियोनोव्ह यांनी हत्यारांच्या धारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पुढे-मागे कापले तर ओरखडे धारेला समांतर पडतात; तासले तर धारेला आडवे पडतात; भोक पाडताना फिरवले तर वर्तुळाकार पडतात. स्वतः नवीन हत्यारे घडवून, ती कातड्यावर, लाकडावर, हाडावर वापरून, पडलेल्या खुणांची जुन्या खुणांशी त्यांनी तुलना केली. त्यांचा रशियन ग्रंथ १९५७ चा. इंग्रजी अनुवाद आला तो १९६४ मध्ये, म्हणजे सांकलियांचे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. कामाने हत्याराला येणारी झिलईदेखील बोलकी असते. गवत आणि धान्याच्या ताटांत सिलिका असते. ती कापून कापून गारेच्या पात्यालाही धारेलगत चकाकी येते. भाताच्या कापणीत वर्षानुवर्षे वापरलेल्या विळ्याची धारेजवळची चमक आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल.

१९७० च्या दशकात लॉरेन्स कीली यांनी अधिक प्रभावी सूक्ष्मदर्शक वापरून हाड, लाकूड, कातडे, मांस यांची झिलई वेगवेगळी ओळखता येते, असे मांडले. त्यांची परीक्षाही झाली. दुसऱ्या संशोधकाने हत्यारे घडवून, वापरून, काय केले ते न सांगता ती त्यांच्याकडे दिली. कोणता भाग वापरला हे कीलींनी बहुतेक वेळा बरोबर ओळखले, हालचाल बऱ्याचदा ओळखली; कोणत्या पदार्थावर वापरले हे मात्र निम्म्याहून थोड्या अधिक वेळाच बरोबर आले. पद्धत खरी आहे, पण तिला मर्यादाही आहेत, हे या परीक्षेने दाखवले.

(उ) अवशेषकण : धारेच्या खाचांत अडकलेले पिष्टकण, वनस्पतींचे सूक्ष्म कण, राळ किंवा रक्ताचे अंश आता प्रयोगशाळेत तपासले जातात. पाट्याच्या छिद्रातील हळदीचे उदाहरण आपण घेतले, ते याच प्रकारचे.

मग हे सर्व मार्ग सांकलियांनी गंगापूरच्या हातकुऱ्हाडींना का लावले नाहीत? याचे कारण दगडात आणि नदीत आहे. या हत्यारांचा काळा दगड हवापाण्याने कुजतो आणि त्याचा पृष्ठभाग बदलतो. शिवाय ती नदीच्या गोट्यांत मिळतात. पाण्याबरोबर घरंगळताना धारा बोथट होतात आणि नवे ओरखडे पडतात. मनुष्याच्या हाताने पडलेली खूण आणि नदीने पाडलेली खूण यांत भेद करणे तेथे दुरापास्त होते. म्हणूनच संभाव्य हा शब्द त्यांच्या शीर्षकात आवश्यक होता. पुढील पिढीने नदीच्या गोट्यांऐवजी मूळ जागी टिकून राहिलेल्या वस्तिस्थानांचा शोध घेण्यावर भर दिला. त्या पिढीतील अनेक जण सांकलियांच्याच तालमीत तयार झालेले होते.

४.७ शिक्षक आणि निर्भय अभ्यासक

सांकलियांनी मोठा शिष्यपरिवार घडवला. शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी, म. के. ढवळीकर, वि. ना. मिश्र ही नावे भारतीय पुरातत्त्वात आदराने घेतली जातात. घोड नदीकाठच्या इनामगावचे प्रदीर्घ उत्खनन याच परंपरेतून १९६८ मध्ये सुरू झाले. संशोधन विद्वानांपुरते राहू नये, अशी त्यांची धारणा होती; सामान्य वाचकांसाठीही त्यांनी लेखन केले. मातृभाषा गुजराती असूनही महाराष्ट्राच्या प्रागितिहासाला त्यांनी आपले आयुष्य दिले.

पुराव्याचा आग्रह त्यांनी सोयीच्या ठिकाणीच धरला असे नाही. १९७३ मध्ये रामायणावरील पुस्तकात त्यांनी ग्रंथातील वस्तू, स्थळे व वर्णने यांना पुरातत्त्वाची कसोटी लावली आणि लंका मध्य भारतात असावी असे मत मांडले. त्यावर वाद झाला. हे मत आपल्याला पटो वा न पटो. दगडाला जो प्रश्न विचारायचा तोच ग्रंथालाही विचारायचा, ही त्यांची भूमिका सुसंगत होती.

१९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९७८ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

४.८ समारोप

नालंदेच्या ग्रंथालयांपासून निघालेला एक संस्कृतज्ञ अक्षर नसलेल्या काळापर्यंत पोहोचला, असा सांकलियांच्या जीवनाचा प्रवास सांगता येईल. शब्दांचा आधार सुटल्यावर केवळ खुणांवरून अर्थ लावायचा, आणि जेथे खूण पुरेशी नाही तेथे तसे सांगायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. आपण साहित्याचे विद्यार्थी आहात. कवितेचा किंवा जुन्या शब्दाचा अर्थ लावताना संदर्भ पाहणे, वापर पाहणे आणि अनुमानाला अनुमानच म्हणणे, ही शिस्त आपल्यालाही हवी असते. घरी किंवा गावी पाटा-वरवंटा, जाते, उखळ यांपैकी काही असेल तर या दृष्टीने एकदा जवळून पाहा. कोठे झिजले आहे, कोणत्या बाजूने झिजले आहे आणि ते कोणाच्या हातांनी झिजले, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून घ्या. ती सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम सोपे आहे.

४.९ पारिभाषिक शब्द

सूक्ष्मास्त्र – बारीक पाती व छिलके यांपासून केलेले अत्यंत लहान दगडी हत्यार.
छिलका – दगडावर आघात करून काढलेला कपचा.
पांढर – जुन्या वस्तीच्या अवशेषांनी बनलेले मातीचे टेकाड.
थर – जमिनीत एकावर एक साचलेले निक्षेप.

४.१० स्वाध्याय

१. सांकलियांच्या जडणघडणीत ग्रंथवाचन आणि प्रत्यक्ष उत्खनन यांचा वाटा स्पष्ट करा.
२. हत्याराचे नाव त्याचा उपयोग सिद्ध करीत नाही, हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. दगडी हत्यारांचा उपयोग ठरवण्याच्या कोणत्याही तीन मार्गांची बलस्थाने व मर्यादा सांगा.
४. आपल्या परिसरातील, आता वापरात नसलेल्या एका साधनावरील खुणांचे निरीक्षण करा. त्यावरून त्याचा उपयोग कसा ओळखता येईल, ते २०० शब्दांत लिहा. निश्चित काय आणि अनुमान काय, हे वेगळे नोंदवा.